पुलाखालची व्याहीभेट

इस्लामपूरच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान चालविणारे आत्माराम तांबवेकर हॅम्बुर्ग शहरी आले ते नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी, अशी सर्वांची समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. परंतु नातवासाठी शिवलेल्या कुंचीबरोबर आणखी एक गोष्ट त्यांनी येथवर वाहून आणली होती, आणि ती विमानतळावरच्या कोणत्याही यंत्राला दिसण्यासारखी नव्हती. ती म्हणजे व्याही गुरुदत्तराव मसूरकर यांच्याविषयीचा राग.

हा राग कोठून उपजला, ते सांगणे येथे अगत्याचे आहे. उल्का ही त्यांची एकुलती एक कन्या. तिच्या लग्नाच्या दिवशी नवरदेव हृषिकेश मारुतीच्या दर्शनास गेले असता इकडे मंगल कार्यालयाच्या दारात व्याहीभेट सुरू झाली. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मानाच्या क्रमाने पुढे यावे, हार घालावा, नारळ द्यावा, आलिंगन द्यावे, अशी रीत. मसूरकरांच्या घोळक्यात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. ते गुरुदत्तरावांचे थोरले बंधू असावेत, तेव्हा थोरल्याचा मान आधी, असा सरळ विचार करून आत्मारामांनी पहिला नारळ त्यांच्या हाती दिला. प्रत्यक्षात ते निघाले धाकटे. त्यांचे केस अकाली पिकले होते, आणि गुरुदत्तरावांचे कलपाच्या कृपेने काळेभोर राहिले होते.

झाले. गुरुदत्तराव तडक जाऊन जीपमध्ये बसले. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेला माणूस. त्यांची समजूत घालण्यास कोणी धजेना. मुहूर्त टळू लागला. भटजी दोनदा बाहेर येऊन गेले. शेवटी आत्मारामांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि भर दारात, दोन्हीकडच्या मंडळींदेखत, व्याह्यांच्या पायांवर ठेवली. आणि गुरुदत्तरावांनी पाय मागे घेतला. तो अशा बेताने घेतला की टोपी जीपच्या पायरीवरून घसरून धुळीत पडली.

"उचला, पंत," ते म्हणाले. "तुमच्या दुकानात काय, अशा ढिगाने असतील."

वऱ्हाड हसले. त्यानंतर गुरुदत्तराव खाली उतरले, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मुलगी सुखाने नांदू लागली. परंतु इस्लामपूरच्या पेठेत पुढे कितीतरी दिवस लोक दुकानात शिरताना आत्मारामांच्या डोक्याकडे बघत आणि मग कापडाकडे बघत. त्या दिवसापासून त्यांनी टोपी घालणे सोडले, आणि दुकानात टोप्या ठेवणेही सोडले.

आता हॅम्बुर्गचे सांगतो. हृषिकेश तेथे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आत्माराम आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई वाढदिवसाच्या बऱ्याच आधी येऊन पोहोचले होते, मसूरकर दांपत्य मागाहून यावयाचे होते. एके दिवशी उल्का बाळाला कडेवर घेऊन वडिलांना शहरातल्या कालव्यांची सैर करविण्यास घेऊन गेली. मोठमोठ्या बोटींची गर्दी टाळून तिने दहा-बारा माणसांची एक छोटी उघडी नाव निवडली होती. ती चालविणारी आणि माहिती सांगणारी एकच मध्यमवयीन बाई होती. लाल विटांच्या उंचच उंच गोदामांमधून, ज्यांच्या भिंती थेट पाण्यातून वर निघाल्या होत्या, ती नाव चालली असता समोर एक लोखंडी पूल आला, आणि तो इतका खाली होता की आत्मारामांना वाटले, आता आपटणार. बाई ओरडली. उल्का म्हणाली, "बाबा, डोकं खाली." नावेतली सगळी माणसे कमरेत वाकली. आत्मारामांच्या समोरच्या बाकावर एक धिप्पाड जर्मन गृहस्थ बसला होता. त्याचे मस्तक वाकता वाकता आत्मारामांच्या बुटांपर्यंत आले.

त्या क्षणी आत्मारामांच्या मनात जो विचार चमकला, त्याने त्यांना पुढे आठ रात्री धड झोपू दिले नाही.

त्यांनी बेत आखला तो असा. व्याह्यांना त्याच नावेत, त्याच बाकावर, नावेच्या पुढच्या टोकाकडे पाठ करून बसवायचे. आपण त्यांच्यासमोर बसायचे. पूल आला की गुरुदत्तरावांना वाकावे लागेल, त्याला इलाज नाही, आणि नेमक्या त्याच वेळी फोटो निघाला पाहिजे. तो मोठा करवून, चौकटीत बसवून इस्लामपूरच्या दुकानात गल्ल्याच्या मागे लावायचा. कोणी विचारले तर एवढेच म्हणायचे की जर्मनीला गेलो होतो, व्याही बरोबर होते. बाकीचे पेठ स्वतःच समजून घेईल.

मसूरकर दांपत्य आले. वाढदिवस झाला. गुरुदत्तरावांनी केकपुढे भाषण केले, शेजारच्या जर्मन म्हातारीला नमस्कार कसा करतात ते शिकविले, आणि जावयाच्या घरी राहणाऱ्या आत्मारामांना दोनदा विचारले की इथले पाणी मानवले का, कारण कापड दुकानदारांना बसून बसून अपचन होते. आत्माराम हसले. हसणे त्यांना आता जड जात नव्हते.

"जावईबापू," ते हृषिकेशला म्हणाले, "तुमच्या वडिलांना ती छोटी नाव दाखवलीच पाहिजे."

"तुम्हाला एवढी आवडली, बाबा?" हृषिकेशला फार बरे वाटले. त्याच्या सासऱ्यांनी आणि वडिलांनी एकत्र कोठे जाण्याची ही पहिलीच वेळ होती. "गेनाऊ, अगदी बरोबर, शनिवारी जाऊ. आप्पांना पाणी म्हटलं की बघायलाच नको, सगळं आयुष्य धरणांवर गेलंय."

त्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू होती. खिडक्याखिडक्यांतून झेंडे लोंबत होते आणि धक्क्यावर तरुण पोरे तोंडे रंगवून फिरत होती. दोघी विहिणी बाळापाशी घरी थांबल्या; गुरुदत्तरावांच्या पत्नी शोभनाबाईंना पाण्याची भीती वाटे आणि मनोरमाबाईंनी थालीपिठांची भाजणी करावयास घेतली होती. नावेवर तांबवेकर-मसूरकर मिळून चौघे आणि बाकीचे जर्मन. त्यात एक वृद्ध बाई होत्या, करड्या कोटातल्या, मांडीवर चामडी पर्स उभी धरून बसलेल्या. चालविणारी बाई तीच, मागच्या खेपेची.

"अहो, तुम्ही इकडे बसा," आत्मारामांनी व्याह्यांना बाक दाखविला. "इकडून उजेड चांगला मिळतो."

"पाठ करून बसू होय? मला दिसणार काय, जे मागं गेलं ते?"

"पुढचं मी सांगत जाईन की."

"हे बरं आहे," गुरुदत्तराव पाय पसरून बसत म्हणाले. "आयुष्यभर सरकारला मी सांगत आलो पुढं काय आहे, आता कापडवाले मला सांगणार."

हृषिकेश हसला. उल्का हसली नाही. ती कॅमेऱ्याचे झाकण काढीत होती. आत्मारामांनी तिला बजावून ठेवले होते की पहिला लोखंडी पूल आला की आम्हा दोघांचा फोटो काढ, आठवण म्हणून. तिला यात वावगे काही दिसले नव्हते. दिसले असले तरी तिने ते बोलून दाखविले नाही.

नाव निघाली. बाई जर्मनमधून सांगत होती आणि हृषिकेश मराठीत सांगत होता: येथे कॉफी साठवीत, येथे मिरे आणि दालचिनी, त्या मजल्यावर अजूनही इराणी गालिचे आहेत. गुरुदत्तराव प्रत्येक गोष्टीला शेरा मारीत होते. आत्मारामांना काहीही ऐकू येत नव्हते. त्यांचे डोळे व्याह्यांच्या खांद्यावरून पुढे लागले होते. वळण आले, नाव वळली, आणि तो पूल दिसला.

पूल तोच होता. परंतु तो आकाशात होता.

आत्मारामांनी डोळे मिटून पुन्हा उघडले. पूल खाली आला नाही. त्याच्या खालून आता हत्तीवर बसलेला माणूस गेला असता. दोन्हीकडच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कितीतरी वर, शेवाळाची ओली काळी रेघ दिसत होती, आणि पाणी तिच्यापासून खूप खाली होते. कृष्णेचा पूर त्यांनी पुष्कळदा पाहिला होता. तो आषाढात चढतो आणि भाद्रपदात उतरतो. परंतु ज्या नदीत समुद्र दर दिवशी चढतो आणि उतरतो, अशी नदी त्यांच्या ऐकिवात नव्हती, आणि विचारावे असे कधी सुचलेही नव्हते.

नावेतील एकही माणूस हालला नाही. बाई ओरडली नाही. पुलाची सावली नावेच्या टोकावर आली, मग पुढच्या बाकावर आली. जन्मात एकदा मिळणारी संधी डोक्यावरून सरकत चालली होती. समोर गुरुदत्तराव पोट पुढे काढून, मान ताठ ठेवून, मागे गेलेल्या गालिच्यांविषयी बोलत होते.

"वाका," आत्माराम एकदम म्हणाले. "पूल, पूल आला. डोकं खाली, व्याही, डोकं."

त्यांच्या स्वरात जी घाई होती ती खरीच होती, म्हणूनच ती लागू पडली. गुरुदत्तरावांनी विचार केला नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो एवढा मोठा माणूस कमरेतून मोडल्यासारखा वाकला, आणि त्याचे कलप लावलेले मस्तक आत्मारामांच्या दोन बुटांच्या मधोमध आले. आत्माराम ताठ बसून होते. उल्काच्या हातातला कॅमेरा चमकला.

पूल सावकाश वरून गेला. मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसले, आणि मग सगळेच हसले.

"बाबा," उल्का हळूच म्हणाली, "पूल तर वर होता."

"मला ठाऊक आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिले आणि कॅमेरा खाली घेतला.

चालविणारी बाई हसत हसत काहीतरी सांगू लागली. हृषिकेशने ते सवयीने मराठीत आणले. "आल्झो, म्हणजे ती म्हणते, घाबरू नका. समुद्राची भरती-ओहोटी इथपर्यंत येते. भरती असली की इथं सगळ्यांना वाकावं लागतं. आज ओहोटी आहे, वाकायची कुणालाच गरज नाही."

गुरुदत्तराव उठून बसले होते. त्यांनी मान वर करून मागे गेलेला पूल पाहिला, त्याची उंची डोळ्यांनी मोजली, कारण तसले मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मग त्यांनी आत्मारामांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांना सर्व काही समजले, हे आत्मारामांना दिसले. आत्मारामांची तर तीच इच्छा होती. आता हा मनुष्य रागावेल, नाव थांबवा म्हणेल, पुन्हा एकदा सर्वांदेखत रुसून बसेल. आणि येथे त्याच्यापुढे टोपी ठेवणारा कोणी नाही.

परंतु गुरुदत्तराव एकच डाव दोनदा खेळणाऱ्या जातीचे नव्हते. त्यांनी केस नीट केले आणि हसले.

"अस्सं होय," ते म्हणाले.

पुढचा पूल आला. तो पहिल्याहून उंच होता. गुरुदत्तरावांनी तो मान वळवून नीट पाहिला, दोन्ही हात जोडले, खाली वाकून आत्मारामांच्या बुटांना स्पर्श केला आणि ती बोटे कपाळाला लावली. "घ्या पंत, पूल आला."

जर्मन मंडळी खूश झाली. त्यापुढच्या पुलाला मागच्या बाकावरचे दोघे त्यांच्याबरोबर वाकले. त्यापुढच्याला बाईने घंटा वाजविली आणि सगळी नाव हात जोडून वाकली. करड्या कोटातल्या वृद्ध बाईसुद्धा पर्स सांभाळून वाकल्या. "फोटो काढ रे, हृषी," गुरुदत्तराव ओरडून सांगत होते, "सगळे काढ. पंतांना इस्लामपूरला न्यायचेत. पंत, आशीर्वाद तरी द्या, नुसते काय बसलात देवळातल्यासारखे."

उल्काच्या हातातला कॅमेरा घेऊन फोटो काढता काढता हृषिकेश हसून हसून बेजार झाला होता. आपले वडील एवढे दिलखुलास आहेत याचा त्याला अभिमान वाटत असावा. आत्माराम मात्र ताठ बसून होते. मनात जपलेला फोटो त्यांच्या डोळ्यांदेखत कुचकामाचा झाला होता. आता तो दुकानात लावला तर लोक म्हणतील, मसूरकर मोठे गमतीदार, व्याह्यांची काय फिरकी घेतली. म्हणजे हा मनुष्य पुन्हा एकदा पाय मागे घेऊन मोकळा झाला, आणि पुन्हा एकदा लोक त्याच्या बाजूने हसले.

गोदामांच्या रांगा संपून पाणी थोडे रुंद झाले तेथे बाईने काही दाखविण्यासाठी यंत्र बंद केले. नाव संथ तरंगू लागली. हसणे ओसरले. आणि त्या शांततेत आत्माराम बोलले. दुकानात, एकान्तात, कापडाची घडी घालताना त्यांनी ही वाक्ये इतक्या वेळा घोळविली होती की त्यांत एक शब्द अडखळला नाही.

"तुम्ही पाय मागे घेतला होता."

"कुठला पाय?" गुरुदत्तरावांच्या ओठांवर अजून हसू होते.

"कार्यालयाच्या दारात. जीपमध्ये बसून. मी तुमच्या पायांवर टोपी ठेवली, तुम्ही पाय मागे घेतला, आणि ती धुळीत पडली. वर म्हणालात, उचला, दुकानात ढिगाने असतील. तुमची सगळी माणसं हसली."

हृषिकेशने कॅमेरा मांडीवर ठेवला. "कसली टोपी? कधी?"

"अरे, जुनी गोष्ट," गुरुदत्तराव म्हणाले. "लग्नकार्यात होतंच असं. रुसवेफुगवे."

"मी तेव्हा कुठे होतो?"

"तू मारुतीला गेला होतास," उल्का म्हणाली. ती पाण्याकडे पाहत होती. "मी वरच्या खिडकीत होते. मला वाटलं तुला ठाऊक असेल. मग कळलं की तुला कुणी सांगितलंच नाही, आणि मग मीपण नाही सांगितलं."

"इतकी वर्षं?"

"तुझे वडील आहेत ना."

नावेतली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. खेळ थांबला आहे, एवढे त्यांना उमगले होते. बाईने हृषिकेशला काहीतरी विचारले.

"काही नाही म्हणावं," गुरुदत्तराव घाईने म्हणाले, आणि स्वतःच बाईकडे वळून हात हलविला, "नथिंग, नथिंग. फॅमिली."

"जावईबापू," आत्माराम म्हणाले, "सकाळपासून त्या बाईचा शब्दन् शब्द तुम्ही आम्हाला सांगता आहात. आता आमचाही त्यांना सांगा."

"बाबा, घरी बोलू या ना आपण."

"घरी तुमच्या आई आहेत, आमची मंडळी आहेत. चहा होईल, बाळ रडेल, विषय बदलेल. इथं कुणाला उठून जाऊन जीपमध्ये बसता येत नाही."

"हृषी," गुरुदत्तराव खालच्या आवाजात म्हणाले, "यांना सांगू नकोस."

कदाचित ते एवढे बोलले नसते तर हृषिकेशने खरोखरच सांगितले नसते. मघापासून जो चेहरा हसून लाल झाला होता तो आता पांढरा पडला होता. त्याने वडिलांकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि मग नावेकडे तोंड करून जर्मनमध्ये बोलू लागला. आत्मारामांना त्यातले एक अक्षर कळत नव्हते, परंतु हात कळत होते. हृषिकेशचा हात डोक्यावर गेला आणि तेथून काहीतरी काढून खाली ठेवल्यासारखा झाला. आणि मग त्याने आपला स्वतःचा पाय मागे घेऊन दाखविला.

नावेतील चेहरे एकेक करून गुरुदत्तरावांकडे वळले. मघाशी जे त्यांच्याबरोबर हात जोडून वाकले होते, तेच हे चेहरे. एकाने जोडलेले हात अजून मांडीवर तसेच ठेवले होते. ते त्याने सोडवून गुडघ्यांवर नेले. आत्मारामांनी प्रत्येक चेहरा नीट पाहून घेतला, घाई केली नाही. फोटोत हे आले नसते, असे त्यांना वाटले.

करड्या कोटातल्या बाईंनी पुढे वाकून एक शब्द विचारला.

"त्या विचारताहेत, का?" हृषिकेश म्हणाला. "आप्पा, तुम्हाला विचारताहेत."

"सांग त्यांना, मानाचा प्रश्न होता."

"मान म्हणजे काय ते सांगावं लागेल मला. काय झालं होतं नेमकं?"

गुरुदत्तराव पाण्याकडे पाहू लागले. पाण्यावर एक बाटली तरंगत आली, नावेला टेकली आणि बाजूने गेली. आत्मारामांनी त्यांच्या मदतीस जाण्याचे काहीही कारण नव्हते आणि ते गेले नाहीत.

"नारळ," शेवटी गुरुदत्तराव म्हणाले. "पहिला नारळ यांनी धाकट्याच्या हातात दिला."

"काकांच्या?"

"हो."

हृषिकेशने तेही सांगितले. नारळासाठी त्याला दोन्ही हातांनी गोल दाखवावा लागला, कारण तो शब्द ऐकूनही, येथे नारळ कशासाठी आला, हे कोणाच्या ध्यानात येईना. बाईंनी मान हलविली आणि थांबून राहिल्या. सगळेच थांबून राहिले. गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही, खरे कारण पुढे यावयाचे आहे, अशा समजुतीने ती सारी माणसे विनयाने त्या लठ्ठ, काळ्या केसांच्या पाहुण्याकडे पाहत राहिली.

"उंड?" बाईंनी विचारले.

"विचारताहेत, आणि पुढे?"

"पुढे काही नाही," गुरुदत्तराव म्हणाले.

हृषिकेशने हे सुद्धा जर्मनमध्ये सांगितले. ते इतके थोडके वाक्य होते की आत्मारामांनाही ते समजल्यासारखे वाटले.

बाईने यंत्र सुरू केले. नाव वळून पुन्हा लाल भिंतींच्या मधून चालली. एकामागून एक पूल येत गेले आणि कोणी वाकले नाही. गुरुदत्तराव दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घेऊन बसले होते, आणि त्यांचा मुलगा त्यांच्यापासून उठून नावेच्या टोकाशी जाऊन उभा राहिला होता. उल्का कोणाकडेच पाहत नव्हती. त्या वृद्ध बाई पर्सच्या कडीवर बोट ठेवून भिंतीवरच्या ओल्या रेघेकडे पाहत होत्या. त्यांनी वळून आणखी काही विचारावे, काहीही विचारावे, असे आत्मारामांना फार वाटत होते. अजून सांगण्यासारखे पुष्कळ होते: भटजी दोनदा बाहेर आले होते ते, जीपचे दार उघडेच होते ते, हसणाऱ्यांत कोण कोण होते ती नावे. ते त्यांच्याकडे बघत बसले, धक्का दिसू लागेपर्यंत. परंतु बाईंनी विचारले नाही.